व्हरांडा की चौक?

बॉस, हेरिटेज हॉटेल निवडणं म्हणजे लग्नाचं स्थळ बघण्याइतकीच डोकेदुखी! पणजी १८४३ मध्ये पोर्तुगीज गोव्याची राजधानी झाली. तिथल्या फोंतेन्हासच्या गल्लीत पर्याय अगदी समोरासमोर. पंजिम इनमध्ये फुल पोर्तुगीज थाट, चार खांबांचे पलंग, वर ऐसपैस व्हरांडा. समोर पंजिम पौसादा, जुनं हिंदू घर, मधोमध चौक.

मी अर्थात व्हरांड्यावर फिदा. फोटो काय भारी आले असते!

पण सोबत आई होती. तिचं माहेर जुनं आंबेगाव, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. घोड नदीवरचं ते धरण माझ्यासाठी पावसाळी पिकनिकचा स्पॉट. तिनं तिथे कधी डबा उघडलेला मला आठवत नाही.

चौक बघून ती तिथेच टेकली. ''अस्साच होता आमचा. ओसरी इकडे, न्हाणी तिकडे.''

''अगं, खोली तरी बघ,'' मी म्हटलं.

''तू बघ.''

बघितली, घेतली. (खोली बघूनच घ्या हं, जुन्या घरात दोन खोल्या सारख्या नसतात.)

संध्याकाळी व्हरांड्याची हौस भागवायला मी समोर गेले. परतले तर आई चौकातच, मामाला फोनवर खांब मोजून सांगत होती.