फी माफ झाली; मुदतीचें काय?

ता. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका विद्यार्थ्याच्या अर्जावर जो निकाल दिला, त्याचें सर्वत्र स्वागत झालें, व तें योग्यच होतें. उत्तर प्रदेशांतील एका रोजंदारी मजुराच्या मुलास गुणांच्या बळावर धनबादच्या आय. आय. टी. मध्यें जागा मिळाली होती. ती कायम करण्यासाठीं १७,५०० रुपये २४ जूनच्या सायंकाळीं पांच वाजेपर्यंत भरावयाचे होते. रक्कम कशीबशी जमली, पण जमेपर्यंत घटका भरत आली. ऑनलाइन भरणा वेळेंत पुरा झाला नाहीं आणि जागा गेली. निरनिराळ्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून तो मुलगा दिल्लीस पोंचला. न्यायालयानें राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदान्वयें आपला विशेष अधिकार वापरून, दुसऱ्या कोणाची जागा न काढतां, त्यास दाखल करून घेण्याची आज्ञा केली.

हा निकाल वाचून आम्हांस आनंद झाला, तसाच विषादहि वाटला. संपूर्ण न्याय देण्यासाठीं देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या हातीं ठेवलेलें हें शेवटचें शस्त्र. तें साडेसतरा हजार रुपये कांहीं मिनिटें उशिरा जमले म्हणून उपसावें लागलें! त्या मुलास दिल्ली गांठतां आली. ज्यांस ती गांठतां येत नाहीं, त्यांची दाद कोणीं घ्यावी? त्यांचे अर्ज कोणत्याहि न्यायालयाच्या दप्तरीं सांपडावयाचे नाहींत. ते मुकाट्यानें गांवीं परततात, एवढेंच.

आमच्या व्यापारी वाचकांस या गोष्टीची फोड करून सांगावयास नको. हुंडी वटावयाची ती तिच्या तिथीस. तिथि टळल्यावर दुप्पट रक्कम आली तरी पेढीची पत गेली ती गेलीच. हंगामाच्या तोंडावर मिळालेले दहा हजार व हंगाम उलटल्यावर मिळालेले पन्नास हजार यांतील भेद ज्यास कळतो, त्यास गरीब विद्यार्थ्याची अडचण समजण्यास पदवी लागत नाहीं.

सरकार कांहींच करीत नाहीं, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भार केंद्र व राज्यें यांनीं ६०:४० या प्रमाणांत उचलावा, असें डिसेंबर २०२० मध्यें ठरलें. महाराष्ट्र सरकारनें जुलै २०२४ मध्यें, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी संपूर्ण माफ केली. पूर्वीं ही सवलत निम्मी होती. हीं पाउलें योग्य दिशेचीं आहेत.

परंतु यांतील बहुतेक साहाय्य प्रतिपूर्तीच्या स्वरूपाचें आहे. म्हणजे पैसा मागाहून येतो. अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलावर भरावयाचा, तो कॉलेजानें तपासावयाचा, मग वरच्या कचेरीनें. उत्पन्नाचा दाखला तहसिलींतून आणावयाचा, बँकेचें खातें आधाराशीं जोडलेलें असावयाचें. नांवांतील एक अक्षर जुळलें नाहीं कीं अर्ज परत. तोंवर कॉलेजचा खजिनदार थांबतोच असें नाहीं. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळीं ही फी घेऊं नये, अशा आज्ञा सरकारनें कॉलेजांस वेळोवेळीं दिल्या आहेत. त्या पुनःपुन्हा द्याव्या लागतात, यांतच त्यांचें वजन किती तें दिसून येतें.

शिवाय फी म्हणजे सर्व खर्च नव्हे. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं स्वाधार योजना निघाली, तेव्हां मुंबई-पुण्यासारख्या शहरांकरितां वर्षाचे ६०,००० रुपये ठरले. त्यांपैकीं निवासाचे २०,०००. महिन्यास हे सुमारें १,६६७ रुपये झाले. एवढ्या भाड्यांत पुण्यांत खोली सोडाच, एक खाट तरी कोठें मिळते, हें ज्या अधिकाऱ्यानें आंकडा घातला त्यानें एकदां दाखवून द्यावें. आणि हाहि पैसा वर्ष उलटल्यावर हातीं पडल्याच्या तक्रारी नव्या नाहींत. कर्जाची वाट सांगावी, तर नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेली पी. एम. विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते खरी. पण मंजुरीच्या वेळीं ती निवडक ८६० संस्थांपुरतीच होती. तालुक्याच्या कॉलेजांत बी. कॉम. करणाऱ्या मुलीस तिचा उपयोग तो काय?

आमच्या वाडवडिलांस हें आमच्यापेक्षां अधिक कळत होतें. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या प्रेरणेनें १९०१ मध्यें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. मग जैन, लिंगायत, मुसलमान यांचीं वसतिगृहें झालीं, आणि १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांकरितां मिस क्लार्क वसतिगृह निघालें. विद्येचा अर्धा प्रश्न फीचा व अर्धा भाकरीचा आणि अंथरुणाचा, हें महाराजांनीं ओळखलें होतें. भाऊराव पाटलांनीं १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें, तेव्हां मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. पुढच्या वर्षीं अनुदान येईल म्हणून मुलें आज उपाशी ठेवतां येत नाहींत, हा साधा हिशेब त्या माउलीनें केला.

डॉ. आंबेडकरांचें उदाहरण तर सर्वांसमोर आहे. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति मिळाली म्हणून ते १९१३ मध्यें न्यूयॉर्कला गेले. आणि तिची मुदत सरली म्हणूनच १९१७ मध्यें लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, स्नेह्यांचें साहाय्य घेतलें, तेव्हां १९२० मध्यें ते पुन्हा जाऊं शकले. एवढ्या बुद्धीच्या पुरुषाचीं तीन वर्षें मुदतीनें खाल्लीं! त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ मध्यें मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें, तें नोकरी करणारांस शिकतां यावें म्हणून सकाळीं भरत असे.

"पदवीधर बेकार हिंडतात, मग हा खटाटोप कशास?" असा प्रश्न बाजारांत ऐकूं येतो. गंमत ही कीं, तो विचारणारा गृहस्थ आपल्या मुलास बारावीवर थांबवीत नाहीं. पदवीनें नोकरी मिळतेच असें आम्हीहि म्हणत नाहीं. पण जेथें पदवीवांचून अर्जच घेत नाहींत, तेथें मजुराच्या मुलानें उंबरठ्याबाहेर राहावें, असें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

आमचें सरकारास मागणें एवढेंच कीं, प्रवेशाच्या दिवशीं पहिला हप्ता द्यावा व छाननी मागाहून करावी. विलंब झाल्यास त्यावर व्याज द्यावें. ही मागणी चमत्कारिक वाटेल, पण जी. एस. टी. चा परतावा अर्जापासून ६० दिवसांत न दिल्यास शेंकडा ६ पर्यंत व्याज देण्याचें बंधन कायद्यानें सरकारवर घातलें आहे, हें आमच्या व्यापाऱ्यांस पाठ आहे. दुकानदाराच्या अडकलेल्या पैशास व्याज आणि विद्यार्थ्याच्या अडकलेल्या पैशास नाहीं, या भेदास कायद्याचा आधार असेल, न्यायाचा नाहीं.

व्यापारी मंडळींनींहि सरकारची वाट पाहत बसूं नये. प्रत्येक शहराच्या व्यापारी मंडळानें आठ-दहा लाखांचा एक फिरता निधि उभारावा. मंजुरीस पात्र अशा विद्यार्थ्यास प्रवेशाची रक्कम त्यांतून बिनव्याजी हातउसनी द्यावी; शिष्यवृत्ति आली कीं ती परत निधींत जमा व्हावी. देणगी नको, पाटी नको, फोटो नको. कांहीं रकमा बुडतील, त्या बाजाराच्या नेहमींच्या बुडीत खात्याहून जास्त असतील असें वाटत नाहीं. निधीचे नियम एका पानांत बसतील. आणि तो मसुदा करून देण्यास गांवची वकील मंडळी फी मागणार नाहींत, एवढें आम्ही त्यांच्यातर्फे आजच सांगून ठेवतों.