जिज्ञासेचा माग

दरवर्षीं कॉलेजें उघडलीं कीं पालकांची एक तक्रार आमच्या कानीं येतेच. यंदा ती आमच्याच घरांतून आली. धाकटा पुतण्या नुकताच कॉलेजांत दाखल झाला आहे. पण नेमलेलीं पुस्तकें टेबलावर पडून असतात आणि स्वारी वाचनालयांत जुन्या नाण्यांवरील ग्रंथ चाळीत बसते! "नाण्यांनीं पोट भरणार आहे काय?" असा आमच्या वडील बंधूंचा सवाल. त्यांतील विनोद त्यांच्या ध्यानीं आला नाहीं, हें सोडा.

आम्हांला मात्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें स्मरण झालें. १९०७ सालीं गोमंतकांत जन्मलेले आणि १९२९ सालीं हार्वर्डची पदवी घेतलेले हे गणिती. संख्याशास्त्र हस्तगत करावयाचें तर हातीं खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनीं प्राचीन आहत नाण्यांचीं वजनें घेतलीं. हातोहात फिरतां फिरतां नाणें झिजतें. तेव्हां तें किती काळ चलनांत होतें, हें वजनावरून ताडतां यावें. ही कल्पना पारखण्यासाठीं त्यांनीं चालू नाणींहि तराजूंत घातलीं. पण हीं नाणीं पाडलीं कोणीं? याचें उत्तर गणितांत नव्हतें. तें जुन्या ग्रंथांत शोधणें आलें. त्यासाठीं संस्कृत पक्कें करणें आलें, आणि त्यासाठीं त्यांनीं निवडला भर्तृहरि! पोथ्यापोथ्यांतील पाठभेद ताडून सिद्ध केलेली ती आवृत्ति १९४८ सालीं निघाली; भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९५६ सालीं.

हें सर्व ऐकून पुतण्या खूष झाला. आम्हीं त्याची टिपणवही मागितली. ती कोरी होती! नाण्यामागून नाणें वजन करून आंकडा मांडून ठेवणें हा कंटाळवाणा भाग त्यानें सोयीस्करपणें वगळला होता. जिज्ञासा आणि नुसता चाळा यांत फरक पडतो तो येथें.

अखेर तह झाला. दिवाळीपर्यंत एकच प्रश्न धरावा. जें सांपडेल तें ग्रंथाचें नांव व पृष्ठ यांसह लिहावें. दोन ग्रंथकारांचें जुळत नसेल तेथें दोघांचेंहि म्हणणें शेजारीं शेजारीं मांडावें. नेमलेलीं पुस्तकें सकाळीं, नाणीं सायंकाळीं.

परवां वडील बंधूंनींच देवघरांतील चार शिवराया काढून दिल्या. पैकीं एकीवरील झिजलेलें अक्षर कोणतें, यावरून घरांत सध्यां दोन तट पडले आहेत.