परदेशातले उत्खनन, मे महिन्याचा हस्तकला वर्ग आणि घरचा मोती



यंदा शिफारसपत्रासाठी माझ्याकडे आलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांची मागणी जरा वेगळी होती. एक धारचा, एक देवासची. दोघेही आता कॉलेजात आहेत आणि दोघांनाही उन्हाळ्यात परदेशी जाऊन पुरातत्त्वाच्या उत्खननात काम शिकायचे आहे. युरोपातली आणि भूमध्य समुद्राकाठची काही विद्यापीठे जून ते ऑगस्टच्या सुट्टीत अशी प्रशिक्षण शिबिरे भरवतात. फी घेऊन बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश देतात आणि चार-सहा आठवडे मातीत बसवून काम शिकवतात. ही बातमी पसरली तशा दहावी-बारावीच्या पालकांच्याही चौकशा सुरू झाल्या. पाठोपाठ एक सूचना आली की मे महिन्यातला आपला हस्तकला वर्ग आता बंद करावा आणि ती खोली, ती वेळ व तो पैसा परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शनासाठी द्यावा. मणी ओवून आणि माती मळून मुलांचे काय भले होणार, असा त्या सूचनेचा एकंदर सूर होता.

परदेशी जाण्याला माझा विरोध नाही. दोघांनाही मी पत्र देणार आहे. विरोध आहे तो या सूचनेला, आणि त्याची कारणे बैठकीच्या इतिवृत्तात दोन ओळींत संपण्यासारखी नाहीत म्हणून येथे लिहीत आहे.

माळव्यातल्या मराठी माणसाने परदेशी जाऊन उत्खननात काम करणे यात नवे काही नाही. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे नाव आपल्याकडे बहुतेक घरांत माहीत आहे. जन्म १९१९ चा, नीमचचा. कर्मभूमी उज्जैन. १९५७ मध्ये रेल्वेने जाताना त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले आणि तिथली शैलचित्रे जगापुढे आली; २००३ मध्ये ते स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हेही आपण मुलांना सांगतो. पण त्यांनी काम केलेल्या उत्खननांची यादी कोणी सहसा वाचून दाखवत नाही. त्या यादीत आवरा, मनोटी, कायथा, दंगवाडा, रुणिजा अशी आपल्या आसपासची नावे आहेत आणि त्यांच्याच रांगेत १९६१ साली इंग्लंडमधले विरोकोनियम हे रोमन नगर आणि १९६२ साली फ्रान्समधले एक स्थळ आहे. विरोकोनियमला त्या काळी दर उन्हाळ्यात शिकाऊ लोकांसाठी उत्खनन होत असे. म्हणजे आज आपली मुले जे करू पाहतात, तसल्याच ठिकाणी आपला एक माणूस साठाहून अधिक वर्षांपूर्वी जाऊन आला आहे.

वाकणकर तिकडे जाताना बरोबर काय घेऊन गेले? चित्रकाराचा हात. उज्जैनच्या भारती कला भवनात ते मुलांना चित्रकला शिकवत. गुहेतले चित्र कागदावर उतरवायचे तर पाहणे आणि रेघ ओढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावी लागतात. कॅमेरा भिंतीवरचा डागही टिपतो आणि रेघही टिपतो. यातली रेघ कोणती हे ठरवायला माणूस लागतो, आणि तो बरीच वर्षे रेघा ओढलेला असावा लागतो.

उत्खननातले प्रत्यक्ष काम काय असते हेही पालकांनी नीट समजून घ्यावे. सिनेमात दिसते तसे ते नाही. पहाटे उजाडण्याच्या सुमारास कामाला लागायचे. गवंड्याच्या थापीसारखी लहान ट्रॉवेल घेऊन बोटभर माती खरवडायची, मातीचा रंग कुठे बदलला ते पाहायचे, थर बदलला की थांबायचे. खरवडलेली माती चाळणीतून चाळायची. निघालेली खापरे दुपारी ब्रशने धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरात क्रमांक घालायचा. मग त्यांचे मोजमाप घेऊन चित्र काढायचे. दिवसभरात सोन्याचे नाणे निघत नाही. बरेच दिवस काहीच निघत नाही. (माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे खापराला ठीकरा म्हणतात, आणि दुसऱ्याच्या माथी दोष मारायचा असला की मराठीत खापर फोडतात तसा हिंदीत ठीकरा फोडतात. दोन्ही भाषांनी त्या बिचाऱ्या तुकड्याला एकाच कामाला लावले आहे.)

आता त्या 'मणी ओवून काय होणार' या प्रश्नाकडे येते. देवासपासून फार दूर नाही, उज्जैन-मक्सी रस्त्यावर छोट्या काली सिंधच्या काठी कायथा हे गाव आहे. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असे मानतात. वाकणकरांनी १९६४ मध्ये ते स्थळ शोधले आणि १९६५-६६ मध्ये तिथे उत्खनन केले. पुढे १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी विक्रम विद्यापीठाच्या साथीने पुन्हा खणले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत साच्यात ओतलेल्या तांब्याच्या दोन कुऱ्हाडी निघाल्या, तांब्याच्या २८ बांगड्या निघाल्या, अकीक आणि लाल अकीकाच्या मण्यांच्या माळा निघाल्या. आणि एका मडक्यात संगजिऱ्याचे अगदी बारीक मणी निघाले, सुमारे ४० हजार.

सातवीच्या वर्गात मी हा आकडा सांगितला तेव्हा बहुतेक मुलांनी तो वहीत लिहून घेतला आणि पुढच्या ओळीची वाट पाहिली. ज्या तीन-चार मुलींनी मे महिन्यात काचेच्या बारीक मण्यांचे तोरण केले होते, त्यांची तोंडे मात्र उघडीच राहिली. त्यातल्या एकीने विचारले, "बाई, भोक कशाने पाडले असेल?" दुसरीने विचारले, "ओवायला दोरा कसला होता?" हे दोन्ही प्रश्न पुरातत्त्वाचेच आहेत. पुस्तकातून ते सुचले नाहीत. सुईत मणी न जाता तो दहा वेळा जमिनीवर सांडलेला असतो, त्यातून ते सुचतात.

मातीचेही तसेच आहे. नर्मदेपलीकडे, महेश्वरच्या समोर नावडातोलीला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. तिथल्या रंगीत नक्षीच्या भांड्यांना साऱ्या देशातले अभ्यासक 'माळवा मृद्भांडी' म्हणतात. आपल्या प्रदेशाचे नाव एका खापराला मिळाले आहे. ज्या मुलाने चाकावर एकदा तरी मडके चढवून पाहिले आणि ते वाकडे होऊन कोसळलेले पाहिले, त्याला हातातल्या खापराच्या आतल्या बाजूच्या रेघा पाहून ते चाकावरचे की हाताने थापलेले हे विचारावेसे वाटते. आपल्या घरची मुले दिवाळीत किल्ला करतात. थरावर थर माती चढवतात, पायऱ्या कोरतात. पावसाने किंवा मांजराने एक बुरूज पडला की आतला विटांचा आणि पोत्याचा पसारा दिसतो. शेजारच्या माळवी घरांतल्या मुली पितृपक्षात शेणाची संजा मांडतात, शेवटी किलाकोट करतात. आपल्या मुलीही त्यांच्यात असतात. या गोष्टींना आपण खेळ म्हणतो आणि तसेच म्हणावे. पण त्यांना वेळेचा अपव्यय म्हणू नये.

धारच्या लोकांना हे मी सांगावे असे नाही. वसईहून येऊन धारला स्थायिक झालेल्या शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आपल्या गावात आहे. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देवासकरांना विष्णु चिंचाळकर गुरुजी आठवत असतील. देवास संस्थानातल्या आलोटचा त्यांचा जन्म. वाळकी पाने, काटक्या, फुटके-तुटके सामान यांतून ते मुलांना चित्रे घडवायला शिकवत. हा वारसा असलेल्या दोन गावांतल्या मराठी शाळेने हस्तकला वर्गाला कुलूप लावायचे, हे मला पटत नाही. बाघला मुलांची सहल गेली तर गुहांइतकाच वेळ ठसे उमटवणाऱ्या खत्री कारागिरांकडे द्यावा, असे मी शिक्षकांना सांगून ठेवले आहे. तुरटीतून लाल आणि लोखंडाच्या गंजातून काळा रंग कसा चढतो, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळते.

आता मोतीचा प्रश्न. मोती हे नाव मी ठेवले आहे. ज्याच्या घरी जे नाव असेल ते त्याने घालावे. शिफारसपत्र मागायला आलेल्या मुलाच्या घरी कुत्रा आहे, हे मला माहीत होते, कारण चौथीत असताना त्याने त्याच्यावर निबंध लिहिला होता. मी विचारले, "तू सहा आठवडे नसशील, तेव्हा त्याचे कोण बघेल?" तो म्हणाला, "आई आहे ना."

हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक घरातून मिळते, आणि ते ऐकून माझे समाधान होत नाही. मूल हट्टाने पिल्लू आणते, दोन वर्षे खेळते, मग क्लास, मग कॉलेज, मग विमान. पहाटेची साखळी आईच्या हातात येते. तिचे गुडघे दुखतात, तिलाही कुठे जायचे असते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात नसते. ज्याला दुसऱ्या देशातल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या रोजच्या जगण्याविषयी कुतूहल आहे, त्याने आपल्याच घरात रोज कोण काय करते याकडे एकदा पाहावे. काश्मीरमध्ये बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन माणसांच्या दफनांत कुत्रेही पुरलेले सापडले. त्या लोकांनी कुत्र्याला शेवटपर्यंत आपले मानले होते, एवढे तरी त्यावरून दिसते.

म्हणून मी त्या मुलाला सांगितले, की पत्र मिळेल, पण आधी एक कागद लिहून आण. कुत्र्याला किती वेळा, काय आणि किती खायला घालायचे. रेबीजची वार्षिक लस कोणत्या तारखेला आहे. नौतप्यात त्याला दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नये, पंजे भाजतात. पावसाळा लागला की कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. चॉकलेट, कांदा, द्राक्षे घालू नयेत. नव्या माणसाला तो चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन. आणि सगळ्यांत वर, कोण करणार त्याचे नाव, त्या व्यक्तीला विचारून, तिच्या सहीने. मुलगा आधी हसला, पण चार दिवसांनी दोन पाने भरून घेऊन आला. सही आईची नव्हती, मामाची होती. मामाकडे राहून कुत्र्याला सवय व्हावी म्हणून तो त्याला महिनाभर आधीपासून दर रविवारी तिकडे नेतो आहे. उत्खननात रोजची नोंदवही लिहावी लागते: तारीख, थर, काय निघाले, कोणी पाहिले. ती वही लिहायला हा मुलगा कुरकुर करणार नाही, असे मला वाटते.

जाता जाता पोपटवाल्या घरांसाठी. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि पाठीवर चांदण्या असलेले कासवही घरी ठेवता येत नाही. 'मिठू आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे' हे कारण कायद्यात बसत नाही.

दहावी-बारावीच्या पालकांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगायच्या आहेत. अशा बहुतेक शिबिरांत १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. जूनच्या मध्यास आपली शाळा सुरू झालेली असते. विमान, व्हिसा, विमा, फी धरून खर्च लाखांच्या घरात जातो. शाळकरी मुलासाठी कर्ज काढू नये. आपल्या देशात उत्खननाचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत कायथा, नावडातोली आणि महेश्वर दाखवता येईल. मात्र तिथले एकही खापर खिशात घालू नये. जागचे हलले की त्याची निम्मी माहिती गेली. काही पालकांच्या बोलण्यात डायनासोरही येतात. ते पुरातत्त्व नव्हे, जीवाश्मशास्त्र आहे. पण तेही आपल्या जिल्ह्यात आहे: बाघ-कुक्षी भागात डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा शोधनिबंध २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत धार जिल्ह्यातले एक शाळाशिक्षक, विशाल वर्मा, आहेत.

विश्वस्त मंडळापुढे मी ठेवणार आहे तो प्रस्ताव असा. हस्तकला वर्ग मे महिन्यात पूर्वीप्रमाणे सकाळी भरेल. परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन त्याच खोलीत दुपारी, आठवड्यातून दोन दिवस ठेवता येईल. त्याला वेगळी खोली लागत नाही. वर्गात या वेळी मातीकाम, मणीकाम, क्रोशे आणि जुन्या साड्यांची गोधडी हे विषय असतील. पहिल्या आठवड्यात मुले पक्ष्यांच्या पाण्यासाठी मातीची परळे करतील. ती आव्यात भाजून घ्यावी लागतील, त्यासाठी कुंभाराशी बोलणे झाले आहे. ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे त्यांनी नाव नोंदवायला येताना त्याचे लसीकरण कार्ड बरोबर आणावे. देवासच्या मुलीचे पत्र तयार आहे. तिने कार्यालयातून घेऊन जावे. तिच्या घरी कोणताही प्राणी नाही, पण आजी आहे. तेव्हा तो कागद तिनेही लिहून आणला आहे.