अक्षर दिसतं, पण कळतं का?

बालमित्रांनो, संगणकाला 'क' कळत नाही बरं का! त्याला कळतात फक्त आकडे. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो.

फाँट म्हणजे अक्षरांच्या वळणांचा संच. पूर्वीच्या बऱ्याच मराठी फाँटमध्ये एक युक्ती होती. क्रमांक इंग्रजी अक्षरांचे, चित्र तेवढं मराठी! छपाई झकास व्हायची. पण तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली, की आजोबांनी टाइप केलेल्या आठवणींची व्हायची इंग्रजी अक्षरांची भेळ. शब्द शोधायला जावं, तर तेही जमेना.

१९९१ साली युनिकोड आलं. देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. गंमत पाहा, 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते; पण युनिकोड आधी 'क' साठवतं, मग वेलांटी. आपण बोलतो तस्सं! म्हणून आज फोनवर मराठी शब्द शोधला, की सापडतो.

जुन्या फायली मात्र आपोआप बदलत नाहीत. घरात अशी एखादी असेल, तर आईबाबांच्या मदतीनं ती युनिकोडमध्ये बदलून ठेवा. आजोबांच्या आठवणी तुमच्या नातवंडांनाही वाचता यायला हव्यात ना?