सोपे केले म्हणजे नेमके काय केले?

एखाद्या गाजलेल्या कादंबरीचा दुसरा भाग वाचून निराश झालेल्या वाचकाची तक्रार आपण समजून घेतो. त्याला पात्रे फिकी वाटतात, भाषा सैल वाटते, लेखकाने बाजाराकडे पाहून लिहिले असा संशय येतो आणि या साऱ्याला आपण अभिरुचीचा प्रश्न मानतो. हीच तक्रार संगणकीय खेळाच्या चाहत्याने केली की मात्र तो हट्ट ठरतो. 'खेळ सोपा झाला तर बिघडले कुठे?' असे विचारून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात आम्हांला अशाच एका तक्रारीची बाजू मांडायची आहे. ती करणाऱ्यांनी तिला 'सुलभीकरण' हे नाव दिले, आणि आमच्या मते या नावामुळेच ती नीट ऐकली गेली नाही.

'द एल्डर स्क्रोल्स' ही अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा या संस्थेची खेळमालिका. तिचा तिसरा भाग 'मॉरोविंड' मे २००२ मध्ये, चौथा 'ऑब्लिव्हियन' मार्च २००६ मध्ये आणि पाचवा 'स्कायरिम' नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात: खेळणारा एका काल्पनिक जगात एखादी भूमिका घेतो, माणसांशी बोलतो, कामगिऱ्या स्वीकारतो आणि हळूहळू त्या जगाच्या इतिहासात ओढला जातो. मॉरोविंडचे जग म्हणजे व्हार्डनफेल नावाचे ज्वालामुखीचे बेट. तेथे प्रचंड कीटकांच्या पाठीवर बसून गावोगाव जायचे, अळिंब्यांची झाडे पाहायची, आणि बाहेरून आलेला उपरा म्हणून पावलोपावली टोमणे ऐकायचे. या खेळावर जीव जडलेल्यांनी चार वर्षे वाट पाहिली, आणि ऑब्लिव्हियन हाती आल्यावर त्यांच्यातले अनेक जण हिरमुसले.

त्यांनी मांडलेला हिशेब असा. मॉरोविंडमध्ये २७ कौशल्ये होती. ऑब्लिव्हियनमध्ये २१ उरली, स्कायरिममध्ये १८. भाला गेला. कुऱ्हाड उरली, पण तिची गणना गदेसारख्या बोथट शस्त्रांत होऊ लागली. मॉरोविंडमध्ये हवेत तरंगण्याची विद्या होती. ऑब्लिव्हियनमध्ये ती नाहीशी झाली. शत्रू खेळणाऱ्याच्या बरोबरीने बलवान होऊ लागले, आणि त्यातून अंगावर महागडे काचचिलखत घालून वाटसरूकडे अवघी १०० नाणी मागणारा हास्यास्पद वाटमाऱ्या जन्माला आला. मॉरोविंडमध्ये कथेसाठी आवश्यक असलेले पात्रही मारता येई. नियतीचा धागा तुटल्याची सूचना खेळ देई आणि पुढचे तुमच्यावर सोपवी. ऑब्लिव्हियनमध्ये अशी पात्रे केवळ बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने उठून बसतात. स्कायरिमने तर बळ, बुद्धी, चापल्य असे आठ मूलगुणच काढून टाकले.

हा हिशेब खरा आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. २७ म्हणजे समृद्ध आणि १८ म्हणजे दरिद्री असे मानायचे, तर १९९६ चा 'डॅगरफॉल' हा दुसरा भाग मॉरोविंडहून श्रेष्ठ ठरेल. त्यात आणखी कौशल्ये होती, राक्षसांच्या, ड्रॅगनांच्या, अप्सरांच्या भाषा शिकण्याचीही कौशल्ये होती. मॉरोविंडने ती सारी टाकून दिली आणि डॅगरफॉलचे जुने चाहते त्या वेळी असेच नाराज झाले होते. वास्तविक डॅगरफॉलमधली 'भाषा' म्हणजे एक आकडा होता. तो वाढला की तो प्राणी तुमच्यावर हल्ला न करण्याची शक्यता वाढे, इतकेच. त्या भाषेत एक वाक्यही कोणी बोलत नसे. ती गेल्याने भाषा गेली नाही. काही बदल तर सरळ स्वागतार्ह होते. मॉरोविंडमध्ये तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसे आणि पडद्यामागचा फासा म्हणे की वार चुकला. ऑब्लिव्हियनने हा प्रकार बंद केला, ते योग्यच झाले.

मग गेले ते काय? त्यासाठी मॉरोविंडमधली अगदी आरंभीची एक कामगिरी पाहावी. बालमोरा गावात हॅस्फॅट अँटाबोलिस नावाचा गृहस्थ भेटतो. त्याला एका लुप्त जमातीच्या भग्नावशेषांतून एक कोड्याची पेटी आणून हवी असते. तिथे कसे जायचे हे तो शब्दांत सांगतो: गावातून बाहेर पडून नदी ओलांडायची, पूर्वेकडची शिबंदीची गढी मागे टाकायची, मग जुन्या लोकांनी बांधलेल्या पुलावरून फोयाडा पार करायचा, आणि तिथे पोचल्यावर दार उघडण्यासाठी जवळची कळ फिरवायची. नकाशावर खूण उमटत नाही. खेळणाऱ्याजवळ असतात ती त्या माणसाची वाक्ये आणि रोजनिशीतली नोंद. 'फोयाडा' म्हणजे लाव्हारसाने कोरलेली दरी. ते माहीत नसेल तर पुढे पाऊल टाकता येत नाही. शब्दाचा अर्थ कळणे आणि वाट सापडणे या दोन क्रिया येथे एकच होतात. परभाषेतला मजकूर कोशाच्या आधाराने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

पुढे हे वाचन अधिक सूक्ष्म होत जाते. उरशिलाकू नावाच्या भटक्या टोळीचा प्रमुख खेळणाऱ्याची परीक्षा घेतो, तेव्हा तो त्याच्या हाती एक कूटपद्य देतो. त्यातल्या प्रतिमा कोणत्या खडकांविषयी, कोणत्या दरीविषयी आहेत हे ज्याचे त्याने लावायचे. दारही केवळ पहाटे आणि सायंकाळी, संधिकालात उघडते. म्हणजे पद्याचा अर्थ लावल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. आणखी एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी. ज्या नेरेव्हार या वीराचा पुनर्जन्म म्हणून खेळणारा वावरतो, त्याचा मृत्यू कसा झाला याचे मंदिराचे आख्यान एक आणि भटक्या टोळ्यांचे दुसरे. खुद्द खलनायक तिसरेच सांगतो. हे पाठभेद पुस्तकांत आणि संवादांत विखुरलेले आहेत आणि खरे कोणते याचा निवाडा खेळ देत नाही.

ऑब्लिव्हियनमध्ये पडद्याच्या तळाशी होकायंत्र आले आणि त्यावर एक बाण आला. कामगिरी स्वीकारताच बाण त्या ठिकाणाकडे वळतो. माणूस काय बोलला, कोणत्या वाटेचे नाव घेतले, आवाजात भय होते की कपट, याच्याशी त्या बाणाला कर्तव्य नाही. परिणामी वाक्य वाचले काय आणि न वाचले काय, फरक पडत नाही. संवाद तेथेही आहेत, काही तर उत्कृष्ट आहेत. परंतु त्यांचे काम गेले आणि ते केवळ शोभेचे झाले. स्कायरिमपर्यंत ही प्रक्रिया पूर्णत्वास गेली. कोणी बाण झाकून खेळायचे ठरवले तरी अनेकदा ठिकाण सापडत नाही, कारण वाट सांगणारे वाक्यच लिहिलेले नसते. 'नको असेल तर बाणाकडे पाहू नका' हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. बाण हा वाटेच्या वर्णनात पडलेली भर नव्हता, तो त्याच्या जागी बसला होता.

हे निर्मात्यांच्या आळसामुळे घडले असे आम्ही म्हणणार नाही. मॉरोविंडमधले बहुतेक संवाद लिखित होते. ऑब्लिव्हियनमध्ये ते सारे ध्वनिमुद्रित झाले. सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्ट यांचा आवाज लाभला. लिहिलेले वाक्य शेवटच्या दिवशीही दुरुस्त करता येते. ध्वनिमुद्रित वाक्यासाठी नट, स्टुडिओ आणि पैसा पुन्हा लागतो. जिथे वाक्य महाग होते तिथे वाक्ये कमी होणारच. शिवाय ऑब्लिव्हियनमधली माणसे दिवसभर हिंडतात, जेवतात, झोपतात. अमका या क्षणी कुठे सापडेल हे शब्दांत सांगणे खरोखर कठीण होते. मॉरोविंडची रोजनिशी तरी कुठे निर्दोष होती? प्रारंभी तीत सगळ्या नोंदी एकाखाली एक पडत. कामगिरीनुसार नोंदी पाहण्याची सोय त्याच वर्षी आलेल्या 'ट्रायब्युनल' या पुरवणीने केली. बाणामागे कारणे होती. आमचे म्हणणे इतकेच की अडचण नोंदी शोधण्याची होती आणि उपाय असा निघाला की नोंद वाचण्याची गरजच संपली.

'लोकांना हेच हवे आहे', हा आक्षेप उरतो. स्कायरिमच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्याचे त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये सांगितले. मॉरोविंडच्या चाहत्यांची कुरकुर त्यापुढे क्षीण वाटते. पण खपाने आवड सिद्ध होते, तिचे कारण सिद्ध होत नाही. स्कायरिमचे हिमाच्छादित डोंगर, त्याचे संगीत, हवे तिकडे भटकण्याची मुभा हे सारे लोकांना आवडले. बाण होता म्हणूनच ते आवडले असे कोणी दाखवलेले नाही. उलट, २०२२ मध्ये आलेल्या 'एल्डन रिंग' या खेळात कामगिऱ्यांची नोंदवहीच नव्हती, तरी वर्षभरात त्याच्या २ कोटी प्रती गेल्या. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' मध्ये तर खूण बंद ठेवून, संवादातल्या वर्णनावरून जागा शोधण्याचा पर्याय मुद्दाम दिला होता. म्हणजे खेळणाऱ्याला वाचायला सांगणे आर्थिकदृष्ट्याही अशक्य नाही.

साहित्याच्या शिक्षकांनी या वादात का पडावे? कारण हा बाण आपल्या वर्गात केव्हाच येऊन बसला आहे. कवितेखाली तिचा आशय चार ओळींत देणारे गाईड, कादंबरीतले 'महत्त्वाचे' परिच्छेद आधीच अधोरेखित करून देणारी टिपणे, यांचेही समर्थन 'विद्यार्थ्याला सोपे जावे' असेच केले जाते. कठीण शब्दाचा अर्थ देणे हे सोपे करणे आहे; त्याने विद्यार्थी कवितेपर्यंत पोचतो. कवितेऐवजी तिचा सारांश देणे मात्र वेगळे, कारण त्याने कविता वाचण्याचे कारणच उरत नाही. मॉरोविंडचा चुकणारा वार दुरुस्त करणे हे पहिल्या जातीचे काम होते, वाटेच्या वाक्याच्या जागी बाण बसवणे दुसऱ्या जातीचे. दोहोंना 'सुलभीकरण' हा एकच शब्द वापरला की बाजू घेणारे आणि विरोध करणारे, दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडत राहतात. संस्कृत काव्यशास्त्राने रसिकाला 'सहृदय' म्हटले, ते त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवून. त्याने काही करावे अशी अपेक्षाच ठेवली नाही, तर तो केवळ ग्राहक उरतो.

एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियनची नव्या रूपातली आवृत्ती निघाली. चित्रे पालटली, पात्राची पातळी वाढवण्याची किचकट रीत सुधारली. होकायंत्रावरची खूण होती तशीच राहिली. दुसरीकडे 'टॅमरिएल रिबिल्ट' या नावाने स्वयंसेवकांचा एक गट दोन दशकांहून अधिक काळ मॉरोविंडमध्ये नवा भूप्रदेश जोडत आहे. गावे, नद्या, डोंगर यांबरोबर ते वाट सांगणाऱ्या माणसांचे संवादही लिहितात, आणि तो लिहिलेला मजकूर वाचून वाट शोधणारे खेळाडू त्यांना आजही मिळतात. चाहत्यांच्या निराशेला केवळ गतकाळाची ओढ म्हणणाऱ्यांनी हे काम पाहावे. खेळ पुन्हा अवघड करा, अशी त्यांची मागणी नाही. आम्हांला विचाराल तर ती एवढीच आहे: आम्हांला वाट सांगा, आम्ही ती वाचून शोधू.