वाट अडवली की सहा महिने मोजा

आमच्या खेड-जुन्नर भागात बैलगाड्यापुढं पळायला घोडी लागते. माझ्याकडं दोन घोड्या अन् एक शिंगरू. चराईला अडीच एकर पड खंडानं घेतली, तर शेजाऱ्यानं वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. वर म्हणतो, "घोडी दिसली तर कोंडवाड्यात घालीन." घाल की! तुझ्या पिकात शिरली तर तुला तो हक्क आहे, १८७१ च्या कायद्यात घोडंही येतं. पण वहिवाट बंद करायचा हक्क कुणी दिला?

एकीच्या खुरात काटा मोडला, पू झाला. दोन महिने दावणीला उभी.

तरी माझा खरा राग शेजाऱ्यावर नाही. "जाऊ द्या, बसून मिटवू" म्हणणाऱ्या गावच्या जाणत्यांवर आहे. आज बसू, पोळा झाल्यावर बसू, असं करत आठ महिने घालवले. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेतीच्या नाहीतर चराईच्या जमिनीची वाट अडवली तर तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात, पण दावा सहा महिन्यांच्या आत पाहिजे. माझे दोन जास्त झाले. शेजाऱ्याला हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

त्यात खंड तोंडी. कूळ लागंल या भीतीनं मालक कागद करत नाही (त्याचंही चूक कसं म्हणू?). म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी फोटो काढा, मालकाला सोबत घ्या, अन् बसायचंच असंल तर दावा लावून मग बसा.

आता मालकाच्या नावानं जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागितलीय.