विश्लेषण : थेट पेरणीच्या भातात मुळांवर गाठी का वाढतात? तणांचा त्याच्याशी संबंध काय?

पाणी आणि मजुरी वाचवण्यासाठी भाताची लावणी न करता थेट बी पेरण्याला प्रोत्साहन दिले जात आहे. पंजाबने २०२२ मध्ये अशा पेरणीसाठी एकरी १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. कोकणातही पावसाआधीची धूळवाफ पेरणी जुनीच आहे. चिखलणी आणि लावणीचा खर्च वाचतो, हे खरे. मात्र खाचरात साचलेले पाणी तण आणि मुळांतले सूत्रकृमी या दोन्ही शत्रूंना रोखून धरत होते. ते पाणी नसले की दोन्ही एकदम वाढतात.

हा सूत्रकृमी कोणता?

मेलॉइडोगायने ग्रॅमिनिकोला हे त्याचे शास्त्रीय नाव. डाळिंब, टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्याच कुळातला हा कृमी; पण त्याचा ओढा गवतवर्गीय वनस्पतींकडे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेली त्याची पिल्ले मुळाच्या टोकाजवळून आत शिरतात आणि तिथल्या पेशी फुगवून त्यांवर जगतात. त्यामुळे मुळाचे टोक सुजून आकड्यासारखे वाकते. उष्ण हवामानात एक पिढी साधारण तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. म्हणजे भाताच्या एकाच हंगामात अनेक पिढ्या होतात.

तणांचा संबंध कसा?

या सूत्रकृमीचे पहिले शास्त्रीय वर्णन १९६५ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातून झाले. तेही भातावरून नव्हे, तर जंगली साव्याच्या मुळांवरून. भाताच्या रोपासारखेच दिसणारे हे गवत आपल्याकडील खाचरांतही सर्रास आढळते. लव्हाळ्यासारख्या तणांच्या मुळांतही हा कृमी वाढतो. त्यामुळे भात कापल्यानंतर शेत मोकळे दिसले, तरी बांधावरचे गवत त्याला जिवंत ठेवते. उत्तर भारतात भातानंतर येणारा गहूही त्याला बळी पडतो आणि साखळी तुटत नाही.

पाणी भरले की प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. साचलेल्या पाण्यात पिल्लांना नव्या मुळांत शिरणे अवघड जाते. पण आधीच आत शिरलेले कृमी वाढत राहतात. मादी मुळाच्या आतच अंडी घालते, त्यामुळे बाहेरच्या पाण्याचा त्यांना फारसा त्रास होत नाही. कोरड्या वाफ्यावर तयार केलेली रोपे बाधित असतील, तर लावणीच्या भातातही तो शिरतो.

शेतकऱ्याची फसगत कुठे होते?

शेतात पिवळे पडलेले, खुजे, कमी फुटव्यांचे ठिपके दिसतात. नत्र, जस्त किंवा लोह कमी पडले असावे असे वाटून खते, फवारणीवर खर्च होतो. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. रोप ओढून न उपटता मातीसकट खणून काढावे, मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि टोके पाहावीत. आकड्यासारख्या गाठी दिसल्या तर आणखी युरिया टाकून उपयोग नाही. शेजारचे गवतही असेच तपासावे.

तण कधी काढावे?

यात वेळ महत्त्वाची. तण कोवळे असताना मुळासकट काढले, तर आत शिरलेले कृमी अंडी घालण्याआधीच मरतात. तेच तण महिनाभर राहिले, तर ते कृमींची पैदास करणारे केंद्र ठरते. उत्तर इटलीतील पिडमाँट भागात २०१६ मध्ये हा सूत्रकृमी सापडल्यावर याच तत्त्वाचा वापर करून पाहिला गेला. बाधित शेतात मुद्दाम भात पेरायचा आणि अंडी तयार होण्याआधी तो नष्ट करायचा, अशी ती पद्धत.

पुढे काय?

तीळ, मोहरी यांसारखी पिके फेरपालटात घेतल्यास कृमींची संख्या घटते. पण या काळात शेत तणमुक्त राहिले पाहिजे, नाहीतर फेरपालट वाया जाते. रोपवाटिकेच्या वाफ्यावर उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवणेही उपयुक्त ठरते. प्रतिकारक्षमता आफ्रिकी भातात चांगली आढळते, पण आशियाई भाताशी त्याच्या संकरातून येणारी रोपे बहुधा वांझ निघतात. त्यामुळे ते गुण आपल्या वाणांत आणणे वेळखाऊ आहे.

थेट पेरणी सोडून द्यावी, असा याचा अर्थ नाही. भूजलाची स्थिती पाहता तिची गरज आहेच. पण एकरी अनुदान देताना मुळांची तपासणीही व्हायला हवी. तणनियंत्रणाकडे केवळ निंदणीचा खर्च म्हणून पाहिले, तर पाण्यात वाचलेला पैसा घटलेल्या उत्पादनात जाईल.